पुण्याची 'ती बाजू': पत्ता नको, घड्याळ बघून फिरा

पहिली गोष्ट, घरून नाश्ता करून निघायचं नाही. अर्धी मंडळी इथेच फसतात. सकाळी कांदेपोहे चापायचे, दहाला आरामात गाडी काढायची, "चला आज कॅम्प बघू" म्हणायचं आणि दुपारी दोनला बेकरीच्या बंद शटरपुढे उभं राहून एकमेकांवर चिडायचं. मी पण फसलेय, एकदा नाही, तीनदा.

माझं क्वालिफिकेशन एवढंच की घर सदाशिव पेठेत आणि नोकरी नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या दुकानात हिशोब लिहायची, नऊ वर्षं झाली. आमची आजी अजूनही "त्या बाजूला" म्हणते. लक्ष्मी रोड संपला की तिचं पुणं संपतं, पुढे ती फक्त ससूनला गेलीये, तेही कोणाला तरी भेटायला, आणि येताना बाहेर पाणीसुद्धा प्यायली नाही. तर ही 'ती बाजू' म्हणजे सोमवार पेठ, रास्ता पेठ, नाना पेठ, भवानी पेठ, गुरुवार पेठ, गंज पेठ आणि मग क्वार्टर गेट ओलांडलं की कॅम्प. दोन-तीन किलोमीटरात मराठी बोलणारे ज्यू, तमिळ, गोव्याचे ख्रिश्चन, पारशी, इराणी, बोहरी, मोमीन, पंजाबी, सिंधी, मारवाडी सगळे खेटून राहतात आणि प्रत्येकाचं खाणं वेगळं. काही पेशवाईत सैन्यात आणि व्यापारात आले, आणि १८१७ ला खडकीची लढाई झाल्यावर इंग्रजांनी शेजारी लष्कर वसवलं त्याच्या मागोमाग बाकीचे आले. जुनी माणसं कॅम्पला अजून लष्करच म्हणतात.

आता मुद्दा असा की या भागात लिस्ट करून फिरता येत नाही. 'टॉप टेन' वगैरे सोडा. इथे प्रत्येक गोष्टीची एक वेळ असते आणि ती वेळ टळली की ती गोष्ट नसतेच. इडली सकाळी, बेकरी दुपारी झोपते, कबाब अंधार पडल्यावर. म्हणून कुठे जायचं ते नंतर, आधी किती वाजता ते ठरवा.

आणि वारसुद्धा. हा हिशोब मी खरंच एकदा कागदावर मांडला होता. शुक्रवारी दुपारी जुम्म्याची नमाज, मशिदींच्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नाही. शनिवारी ज्यूंचा शब्बाथ, सिनेगॉगमध्ये प्रार्थना, पाहुण्यांनी जायची वेळ नाही. रविवारी चर्चमध्ये मिस्सा आणि बाजारातली बरीच दुकानं बंद. मंगळवार-गुरुवार-शनिवार आपल्यातल्याच निम्म्या लोकांचं नॉनव्हेज बंद. सोमवारी काहीच अडचण नाही पण सोमवारी सुट्टी कोणाला असते. शेवटी मी शनिवारच धरते, कारण सिनेगॉग तसंही बाहेरूनच बघायचंय, बाकी सगळं चालू असतं, आणि सोबतच्यांपैकी कोणी शनिवार पाळत असेल तर त्याच्यासाठी इडली, बन मस्का आणि वडापाव आहे, उपाशी नाही राहणार.

गाडी आणू नका. हे मी कळवळून सांगते. रास्ता पेठेतल्या गल्ल्या अशा की समोरून टेम्पो आला तर कोणाला तरी रिव्हर्स घ्यावाच लागतो, आणि पार्किंगला सम-विषम तारखेचे बोर्ड, ते झाडामागे नाहीतर बॅनरमागे. माझी अ‍ॅक्टिव्हा एकदा इडली खाईपर्यंत उचलून नेली, चाळीस रुपयांचा नाश्ता, दंड त्याच्या कितीतरी पट, आणि गाडी सोडवायला गेले तेव्हा हाताला सांबाराचा वास. मेट्रोनं या. वनाज-रामवाडी लाइनवर पुणे रेल्वे स्टेशनला उतरा किंवा त्याच्या आधी मंगळवार पेठेला, दुसऱ्या लाइनवरून येत असाल तर कसबा पेठ पण चालतं. बसनं यायचं असेल तर कॅम्पच्या टोकाला पूलगेट आहे. बाकी सगळं पायी, मध्ये एकदा रिक्षा.

पैसे म्हणाल तर मी माणशी चारशे-पाचशे रुपये धरते, त्यात दिवसभर खाऊन घरी न्यायला बेकरीचं खोकं पण बसतं. सुटे ठेवा. क्यूआर कोड आता सगळीकडे चिकटवलेत पण सकाळच्या गर्दीत इडलीवाल्या बाईंना "पेमेंट गेलं का बघा ना" म्हणत मोबाईल दाखवत उभं राहिलात तर मागचे लोक बघतात तुमच्याकडे.

साधारण सातला सुरुवात करायची, सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीपासून. खाण्याआधी देव म्हणून नाही, उन्हाच्या आधी हे देऊळ बघायला मिळतं म्हणून. नागझरी ओढ्याच्या जवळ, आजूबाजूला अगदी साधी वस्ती, आणि मध्येच हे काळ्या दगडाचं कोरीव देऊळ उभं. १७५४ ला बांधायला घेतलं आणि १७७० ला मूर्ती बसली. गणपतीला तीन सोंडा आणि तो मोरावर बसलाय, उंदरावर नाही. पण खरी गंमत दारावर आहे. दाराच्या बाजूला खाली बघा, टोपीवाले गोरे शिपाई एका गेंड्याला साखळदंड घालतायत. गेंडा! पुण्यात! इंग्रजांनी बंगाल-आसाम घशात घातलं त्याचं ते चित्र असावं असं जाणकार सांगतात. आत गाभाऱ्याच्या भिंतीवर शिलालेख आहेत, दोन संस्कृत आणि एक फारसी. म्हणजे गणपतीच्या देवळात फारसी लेख, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुजारी असतील तर त्यांना विचारून मग आत फोटो काढा.

तिथून रास्ता पेठ चालत दहा-पंधरा मिनिटं. ही पेठ सरदार रास्त्यांची, रस्त्यांची नाही, नाव ऐकून रस्ते रुंद असतील असं समजू नका. केईएम हॉस्पिटलच्या आसपास, मुदलियार रोड, अपोलो टॉकीजची बाजू, इथे तमिळ कुटुंबं पिढ्यानपिढ्या आहेत, अय्यप्पाचं देऊळ आहे, आणि त्यामुळे सकाळी इडली आहे. हॉटेलातली नाही. गाडीवरची, नाहीतर घराच्या ओट्यावर मांडलेल्या टेबलावरची.

मी जिथे खाते तिथलं सांगते. बाई भांड्याचं झाकण काढतात, वाफेनं त्यांचा चष्मा पांढरा होतो, त्या तो न पुसताच फडकं उचलून इडल्या ताटावर पालथ्या घालतात आणि वरून पाण्याचा हबका मारून फडकं सोलतात. फडक्याची वीण इडलीच्या पाठीवर उठलेली असते. ती वीण दिसली की समजा फडक्यावरची इडली, साच्यात तेल लावून काढलेली नाही. मग स्टीलच्या बादलीतून डावभर चटणी, पातळ, ओल्या नारळाची, सांबार वेगळ्या वाटीत मागायचं नाहीतर ते वरूनच ओततात. चटणी संपली तर ताटली पुढे करायची, तोंडानं काही बोलायची गरज नसते. मेदूवडा पहिल्या घाण्यातला मिळाला तर घ्या, साडेनवाला उरलेला घेऊ नका. दहाला सगळं आवरलेलं असतं, टेबल घडी करून आत, ओटा धुतलेला, तुम्हाला वाटेल आपण चुकीच्या गल्लीत आलो.

खाऊन झालं की याच पेठेत सुक्कथ शेलोमो सिनेगॉग आहे, बेने इस्रायली लोकांचं. हे ज्यू कोकणातले, तेल गाळायचा धंदा करायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावात त्यांना शनिवार तेली म्हणायचे. आडनावं ऐका, पेणकर, रोहेकर, नागावकर, चेऊलकर. घरात मराठी. एकदा दुकानात एक आजोबा स्कूटरचा पार्ट घ्यायला आले होते, गप्पांमध्ये म्हणाले "आमच्याकडे मलिदा आहे उद्या", मला वाटलं आपला गुळाचा मलिदा, तर यांचा भिजवलेल्या पोह्यांचा, ओलं खोबरं, साखर, सुकामेवा, वर फळं, एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या, नावानं करतात, घरात काही शुभ झालं की. तो विकत कुठे मिळत नाही, कोणी बोलावलं तरच. सिनेगॉग गल्लीतून बघा, आत जायचं असेल तर आधी परवानगी घ्यावी लागते, वॉचमनशी हुज्जत घालू नका, त्याच्या हातात काही नसतं.

मग नाना पेठ. ही नाना फडणविसांच्या नावाची. इथे माझा रोजचा रस्ता असल्यामुळे मला त्यात बघण्यासारखं काय हे लवकर सुचत नाही, पण बाहेरून आलेल्या मैत्रिणींना सायलेन्सर, मडगार्ड, सीट कव्हर टांगलेली दुकानं बघून जाम मजा येते. आषाढी वारीत मात्र ही पेठ बघावी. तुकोबांची पालखी इथल्या निवडुंग्या विठोबाला मुक्कामाला असते आणि माउलींची शेजारच्या भवानी पेठेत पालखी विठोबाला, त्या दोन दिवसांत आमच्या दुकानात ऑइलच्या डब्यांवर वारकरी झोपलेले असतात आणि सगळ्या गल्लीत पिठलं-भाकरी, चहा, राजगिरा लाडू फुकट वाटत असतात, आणि वाटणारे फक्त विठोबावालेच नसतात.

क्वार्टर गेटजवळ सिटी चर्च. पेशव्यांच्या सैन्यात गोव्याचे कॅथलिक शिपाई आणि अधिकारी होते, त्यांच्यासाठी सवाई माधवरावांनी १७९२ च्या सुमाराला जागा दिली. पुण्यातलं पहिलं चर्च ते हे, पेशव्यांच्या जमिनीवर. ही गोष्ट मी आजीला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "माधवराव लहान होता, त्याला काय कळतंय."

इथून रिक्षा करा आणि गुरुवार पेठेत पंचहौद चर्च म्हणा. पाटीवर पवित्र नाम देवालय असं आहे पण रिक्षावाल्याला पंचहौदच कळतं. लाल विटांचं चर्च, शेजारी वेगळा उभा घंटांचा मनोरा, त्यात आठ घंटा. चर्च सुंदर आहेच पण आपण इथे येतोय ते चहासाठी. म्हणजे प्यायला नाही, इथल्या एका जुन्या चहासाठी. १८९० साली गोपाळराव जोशींनी, आनंदीबाई जोशींचे यजमान ते, इथल्या मिशनमध्ये व्याख्यान ठेवून पुण्यातल्या बड्या मंडळींना बोलावलं. व्याख्यान झाल्यावर चहा-बिस्किटं आली. काहींनी घेतला, काहींनी नुसता कप हातात धरला. टिळक होते, रानडे होते. मग गोपाळरावांनी सगळ्यांची नावं पेपरात छापून आणली. ख्रिश्चनाच्या हातचा चहा! ग्रामण्य झालं, म्हणजे जातीबाहेर टाकायचा वाद, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि टिळक-रानड्यांसारख्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका कपापायी. पुण्याच्या इतिहासातला सगळ्यात महाग चहा हाच असणार. तिथून बाहेर पडलं की पहिल्या टपरीवर उभं राहून कटिंग प्यायचा असा माझा नियम आहे, मालक कोण ते विचारायचं नाही.

आणि हे बघून लगेच गंज पेठेत महात्मा फुल्यांच्या वाड्यावर जायचं, चालत पाच-सात मिनिटं. आता पेठेचं नावही महात्मा फुले पेठ आहे पण बोलताना सगळे गंजच म्हणतात. वाडा साधा आहे, कौलारू, शांत, तिकीट नाही. अंगणात पाण्याचा हौद बघा. तो जोतिबांनी १८६८ ला अस्पृश्यांसाठी खुला केला. त्या चहाच्या बावीस वर्षं आधी, पाच-सात मिनिटांच्या अंतरावर. दोन्ही एकाच सकाळी बघितलं की डोक्यात जे होतं ते मला नीट लिहिता येत नाही, तुम्ही जाऊनच बघा.

एव्हाना बारा वाजतात आणि इडली जिरलेली असते. आता कॅम्प. रिक्षानं शरबतवाला चौक किंवा दस्तुर मेहेर रोड म्हणा. इथे दोराबजी अँड सन्स, १८७८ पासूनचं पारशी हॉटेल. हे या लिस्टमधलं सगळ्यात स्वस्त नाही, आधीच सांगते, पण दोघांत एक मागवलं तर परवडतं. धनसाक म्हणजे डाळ, भाज्या आणि मटण एकत्र शिजवून घोटलेलं, सोबत तपकिरी भात आणि कचुंबर. पारशी घरात धनसाक सणाला करत नाहीत, माणूस गेल्यावर सुतक संपतं त्या चौथ्या दिवशी करतात, आणि एरवी रविवारी दुपारी, कारण खाल्ल्यावर उठवत नाही. त्यामुळे पारशी मित्राच्या लग्नात "धनसाक नाही का?" असं विचारू नका, मी विचारलंय. सल्ली बोटी पण चांगली, मटणावर बटाट्याच्या बारीक काड्यांचा ढीग. व्हेजवाल्यांनी इथे हट्ट करू नये, बाहेर आहे भरपूर. जवळच अग्यारी आहे, बाहेरून बघायची, पारशी नसलेल्यांना आत प्रवेश नसतो, त्यात रागवण्यासारखं काही नाही.

हॉटेलांच्या बाबतीत एक शब्द शिकून ठेवा. कॅम्पात आणि गंज पेठेतल्या मोमीनपुऱ्यात 'छोटे का' म्हणजे बकऱ्याचं आणि 'बडे का' म्हणजे म्हशीचं. बिर्याणी अचानक खूपच स्वस्त दिसली तर आधी "छोटे का है क्या?" असं सरळ विचारा. कोणी वाईट वाटून घेत नाही, त्यांना रोज दहा जण विचारतात. न विचारता खाऊन नंतर तोंड वाकडं करणारे मात्र त्यांना अजिबात आवडत नाहीत.

दीड ते साडेतीन हा कॅम्पचा मेलेला वेळ. बेकऱ्या बंद, अर्धी दुकानं बंद, ऊन कडक. पुणेकरांच्या वामकुक्षीवर जोक करणाऱ्यांनी एकदा या वेळी ईस्ट स्ट्रीटवर यावं, पारशी पण झोपतात, इराणी पण झोपतात. मग या वेळात काय करायचं? बसायचं. मी दोन ठिकाणी बसते. एक म्हणजे हजरत बाबाजानचा दर्गा. बाबाजान बाईमाणूस, सूफी संत, इथे कडुनिंबाखाली रस्त्यावरच बसायची, १९३१ ला वारली. पुण्यातच १८९४ ला जन्मलेला एक इराणी कॉलेजकुमार सायकलवरून इथून जायचा, मेरवान नाव, १९१३ मध्ये तो तिला भेटला, पुढे एकदा तिनं त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि तोच पुढे मेहेरबाबा. दर्गा छोटा, संगमरवरी, झाडाला धरून. डोक्यावर ओढणी नाहीतर रुमाल घ्या, चपला बाहेर. आत हिंदू, मुसलमान, पारशी, मेहेरबाबांचे परदेशी भक्त असे सगळे शेजारी शेजारी बसलेले असतात आणि कोणी कोणाशी बोलत नाही, बाहेर मात्र रिक्षांचा हॉर्न चालूच.

दुसरं म्हणजे इराण्याचं हॉटेल, जे उरलेत त्यातलं कुठलंही. कॅम्पात आता कमी राहिलेत, स्टेशनच्या बाजूला जहांगीर हॉस्पिटलजवळ वोहुमन आहे, तिथलं चीज ऑम्लेट आणि बन मस्का फेमस. पण मला विचाराल तर बन मस्क्यापेक्षा ब्रून मस्का मागा. ब्रून म्हणजे कडक पाठीचा पाव, मधून चिरून आत लोणी. तो हातानं दाबला की करकर वाजतो, तुकडा चहात बुडवायचा, दोन सेकंद, जास्त नाही, आणि बाहेर काढला की चहावर लोण्याचे सोनेरी डोळे तरंगायला लागतात. ते डोळे दिसले नाहीत तर मस्क्याच्या नावाखाली दुसरंच काहीतरी लावलंय. चहा संपेपर्यंत बसा, कोणी उठवत नाही, पण चार जणांत एक चहा घेऊन तास काढू नका, ते कॉलेजमध्ये शोभतं.

साडेतीनच्या थोडं आधी लाल देवळाकडे निघा, मोलेदिना रोडवर. नाव देऊळ पण आहे सिनेगॉग, ओहेल डेव्हिड, लाल विटांचं, घड्याळाचा मनोरा लांबून दिसतो. हे बेने इस्रायलींचं नाही, बगदादी ज्यूंचं, डेव्हिड ससूननं बांधायला घेतलं. तो बगदादहून मुंबईला आलेला व्यापारी, ससून हॉस्पिटल पण त्याच्याच नावाचं. १८६४ ला तो गेला, सिनेगॉग पुरं झालं १८६७ ला, त्याची कबर आवारातच आहे. आता पोलीस असतात, फाटकावर तपासणी, बाहेरूनसुद्धा मोबाईल वर केला की आवाज येतो. परवानगी असेल तर ओळखपत्र घेऊन आत, नसेल तर समोरच्या फुटपाथवरून बघायचं आणि पुढे सरकायचं. पुणेकरांनी सिनेगॉगला देऊळ म्हणून टाकलं हे मला फार आवडतं, आपल्याला जे समजतं तो शब्द लावला आणि विषय संपवला.

तिथून चालत ईस्ट स्ट्रीट. चार वाजता कयानी बेकरीपुढे रांग असते, १९५५ ची बेकरी, श्रूजबेरी बिस्किटं. रांगेला घाबरू नका, काउंटरवरची माणसं जादूगार आहेत, पण तुमचा नंबर आल्यावर "हे काय, ते काय" चालत नाही, आधी ठरवून जा. सगळे श्रूजबेरी घेतात, मी मावा केक आणि जिंजर बिस्किटं घेते. पाहुण्यांसाठी श्रूजबेरी, घरासाठी मावा केक. आणि रांगेत उभं असताना शेजारचं व्हिक्टरी थिएटर बघा. पूर्वी त्याचं नाव कॅपिटॉल होतं, गोरे सोल्जर पिक्चर बघायला यायचे, आणि २४ जानेवारी १९४३ ला तिथे क्रांतिकारकांनी बॉम्बस्फोट केला. आज तिथेच आपण बिस्किटांसाठी टोकन घेतल्यासारखे उभे.

रांग नकोच असेल तर कॅम्पात इतर बेकऱ्या आहेत, ताबूत स्ट्रीटवरची हुसेनी, मेन स्ट्रीटवरची रॉयल. खारी आणि टोस्ट कुठूनही घ्या, ताजं असेल तर कागदाची पिशवी गरम लागते. वेफर्स बुधानींचे, ते तिथेच तळून वजनावर देतात. सँडविच मार्झोरिनचं, पांढऱ्या पावाचं साधं, आमच्या पिढीला त्यात काय एवढं असं वाटतं, पण वडिलांना विचारा.

शिवाजी मार्केट वाटेत लागलं तर आत डोकवा, इंग्रजी काळातली दगडी इमारत, मटण-मासळी-भाजी सगळं. मार्च २०२१ मध्ये इथे आग लागली आणि त्याच महिन्यात फॅशन स्ट्रीटपण जळालं, दहा दिवसांच्या अंतरानं. फॅशन स्ट्रीटवर भाव करायचा असेल तर संध्याकाळी सातनंतर, आणि भाव करताना हिंदी बोललात तर एक किंमत, मराठी बोललात तर दुसरी असं लोक म्हणतात, मला दोन्हीत तेवढीच फसवणूक अनुभवास आलीये.

पाचच्या सुमाराला गार्डन वडापाव. कॅम्पातला हा वडा मोठा आणि पाव त्याच्यापुढे लहान, चुरा आणि चटणी सढळ. व्हेजवाल्यांचा दिवसभराचा हिशोब इथे पुरा होतो.

गुरुद्वाऱ्याबद्दल एक सांगायचंय. कॅम्पातला हॉलिवूड गुरुद्वारा, नाव असंच आहे, तिथे लंगर असतो आणि कोणीही जाऊन पंगतीत बसू शकतं. पण त्याला 'फ्री फूड' म्हणून यादीत टाकणारे व्हिडिओ बघितले की मला लाज वाटते. जायचं तर डोकं झाका, आधी माथा टेका, ताटात टाकू नका आणि जेवून झाल्यावर भांडी घासायला उभं राहा अर्धा तास. तेवढा वेळ नसेल तर वडापाव आहेच.

शेवट मोमीनपुऱ्यात, गंज पेठेतच, सकाळी फुले वाड्याच्या वेळी जिथून गेलात त्याच्या जवळच. सकाळी हीच गल्ली इतकी साधी दिसते की ओळखू येत नाही. अंधार पडल्यावर निखाऱ्यांवर शीग लागतात, धूर सगळ्या गल्लीत. रमजानमध्ये तर विचारूच नका, रोजा सुटल्यावर तासाभरानं गेलात की मालपोवा, फिरनी मातीच्या वाटीत, खिचडा, नल्ली निहारी, सगळं रात्री उशिरापर्यंत. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, तेव्हा कॅलेंडर बघून जा. रोजा सुटायच्या ऐन वेळी मात्र जाऊ नका, ते लोक दिवसभर उपाशी असतात आणि आपण पोट भरलेले मध्येच "भैया एक प्लेट" करतो, ते बरं दिसत नाही. कबाब दोनच घ्या, खिचडा एक वाटी वाटून खा, कारण मालपोव्याला जागा ठेवायचीये, परातीएवढा असतो, अर्धा मागितला तर देतात.

बायकांनी जायला कसंय असं मला प्रत्येक जण विचारतं. मी एकटी जाते, गर्दी असते तोवर काही वाटत नाही, दुकानांत बायका-पोरं असतातच. खरा त्रास टॉयलेटचा आहे, पेठांमध्ये स्वच्छ मिळत नाही, दुपारी हॉटेलात बसाल तेव्हा उरकून घ्या आणि संध्याकाळी कॅम्पातून निघताना परत. साडेनऊ-दहाला निघालात तर स्वारगेट मेट्रो जवळ पडते, रिक्षानं दहा मिनिटं.

मी घरी पोचते तेव्हा आजी जागी असते. परवा मावा केकचं खोकं टेबलावर ठेवलं तर लांबूनच विचारते, "अंडं आहे का गं यात?" म्हटलं हो, आहे. "आणि करणारा कोण?" म्हटलं इराणी. तिनं जरा विचार केला, म्हणाली आज शनिवार आहे, आज नको. मग उठली, खोकं उचललं आणि स्वतःच्या कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली.